मागच्या अंगणातली नळी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आलो एकदाचे पनवेलला! ट्रक सकाळी अकराला दारात लागला आणि चारच्या चहाच्या आत शेवटचं कपाट घरात गेलं. एकही काच फुटली नाही. अरुंधतीच्या मते ही देवाची कृपा, माझ्या मते खोक्यांवर मी घातलेल्या क्रमांकांची. वाद अजून मिटलेला नाही.

ठाण्यातली तिसऱ्या मजल्यावरची बिनलिफ्टची जागा आम्हाला चौतीस वर्षं पुरली. पण दोन वर्षांपूर्वीच्या न्यूमोनियाने अरुंधतीच्या फुप्फुसांवर कायमचे वण ठेवले आणि जिने तिचे वैरी झाले. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलेली बाई ही. आता एक ओळ म्हणायची तर मध्ये दोनदा थांबते, आणि थांबली की माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघते. मला ते बघवत नाही. डॉक्टर म्हणाले, जिने नकोत, धूळ नको, मोकळी हवा हवी. म्हणून हा बंगला. वडाळे तळ्यापासून चालत दहा मिनिटं, पुढे तुळस, मागे ऐसपैस अंगण, अंगणात एक शेवगा.

औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात हयात गेल्यामुळे मोजायची खोड माझ्या हाडात आहे. रोज सकाळी अरूच्या बोटाला ऑक्सिमीटर लावतो. आज ९३. तिच्यासाठी हा छान आकडा. धडधाकट माणसाचा ९८ असतो.

घर विकणारे कमळाकरराव आता नागपूरला मुलाकडे राहणार. चावी देताना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. इन्व्हर्टरमध्ये दर महिन्याला पाणी घाला. शेजारच्या मनिषाताईंची मांजर दूध पळवते. आणि मागच्या अंगणातल्या नळीवर काही झाकू नका. मी तिन्ही टिपून घेतल्या. नळी म्हणजे छातीएवढी उंच, चार इंची बिडाची, वर वाकवलेली आणि तोंडाला जाळी. मैल्याच्या टाकीची वायुनळी, दुसरं काय!

ठाण्याच्या आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी गळ घातली आहे की घराचं काम काढतोच आहेस तर ‘घर वाढवताना’ अशी छोटी पुस्तिका लिही. म्हणून ही रोजनिशी. पुढे यातूनच सूचना वेचीन.

२४ नोव्हेंबर, रविवार

आराखडा पक्का झाला. खाली दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, झोपायच्या दोन्ही खोल्या आणि धड न्हाणीघर मात्र वर. म्हणजे अरू दिवसातून दोनदा तरी जिना चढणार. म्हणून मागे, स्वयंपाकघराला लागून, बारा बाय चौदाची एक खोली आणि तिला जोडून न्हाणीघर. दरवाजा तीन फूट रुंद, उंबरठा नाही, भिंतीला धरायला दांडे. पूर्वेला मोठी खिडकी. तिचा पलंग असा ठेवायचा की पडल्यापडल्या शेवगा दिसेल. तिला मी आराखडा दाखवला तेव्हा म्हणाली, एवढं प्रेम चाळीस वर्षांपूर्वी दाखवलं असतंत तर मी तेव्हाच आजारी पडले असते.

ठेकेदार काशिराम. इथल्याच गावचा, पंचेचाळीसेक वर्षांचा, मला काका म्हणतो. जासईला एका गोदामाच्या भिंतीचंही काम घेतलंय त्याने, त्यामुळे मोटारसायकलवरच राहतो. त्याला मी आठ पानांची यादी दिली. त्याने ती उलटसुलट केली, घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाला, काका, घर बांधायचा हाय का परीक्षा घ्यायची हाय?

सूचना: ठेकेदाराला सगळं लेखी द्या. हसला तरी द्या.

सूचना: वाढीव बांधकामाची परवानगी आधी, कुदळ नंतर. आमची फाईल उद्या जाते आहे.

सूचना: जमिनीखाली काय काय आहे ते खणण्याआधी शोधून काढा. पाण्याचे पाईप, विजेच्या तारा, जुन्या टाक्या. (हा मुद्दा पुस्तिकेत ठळक घ्यायचा.)

१८ डिसेंबर, बुधवार

परवानगी हातात. आज चुन्याने आखणी झाली. पांढऱ्या रेघांत उभं राहून अरू म्हणाली, इथे माझा पलंग, इथे तानपुरा. तानपुरा दोन वर्षं गवसणीत आहे. 

नळी नेमकी खोलीच्या मध्यावर येते आहे. मी मैल्याची टाकी शोधली, तर तिचं झाकण घराच्या दुसऱ्या अंगाला सापडलं, पंचवीस फूट लांब. जुन्या लोकांची कामं! एवढ्या लांब नळी कशाला नेली कोण जाणे. पण टाकी केव्हाच बंद झाली आहे, संडास आता शहराच्या गटारलाईनला जोडलेले आहेत. म्हणजे नळीचं काम संपलं. आराखड्यात मी तिच्यावर फुली मारली.

कामाला बुधा आणि शुक्री असं नवरा-बायकोचं जोडपं आहे, आपट्याच्या पुढच्या वाडीवरचं. बुधा पन्नाशीचा, काडीसारखा, पण पहार अशी चालवतो की बघत राहावं. बोलणं जवळजवळ नाही. शुक्री मात्र अरूशी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून गप्पा मारते.

६ जानेवारी २०२५, सोमवार

चारही कोपऱ्यांचे खांब जमिनीवर आले. कोपऱ्यांना मुरूम चांगला लागला. मध्ये मात्र माती भुसभुशीत, भरावाची. तिथे मी जादा दगड भरून घेतले.

आज खोलीभर तळाचं काँक्रीट. काशिराम जासईला अडकलेला, म्हणून देखरेख माझी. बुधाने कोपऱ्यातून प्लास्टिकचा एक लांब पाईप आणि जोडणीचा एक कोपर आणून ठेवला आणि विचारलं, नळी कुठून काढायची? भिंतीतून का छपरातून? मी म्हटलं, कुठूनच नाही, कापून बुजवायची. त्याने पहार खाली ठेवली. थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, सायेब, नळी काढायची नाय? तेव्हा माझा आवाज चढला, हे कबूल करतो. जिच्या फुप्फुसांसाठी हा सगळा खटाटोप, तिच्या उशाला मैल्याच्या वायूची नळी ठेवू? मी त्याला तसं ऐकवलंही. त्याने पहार उचललीच नाही मात्र.

मग मीच हात घातला. करवतीने नळी जमिनीलगत कापली. पातं आरपार गेलं तेव्हा आतून लांबलचक हवा सुटली, माणूस ओझं खाली ठेवताना सोडतो तशी. वास मैल्याचा नव्हता. गारवा होता आणि ओल्या शेवाळाचा वास. वर्षानुवर्षं बंद टाकी, जिरलं असेल सगळं. गोणपाटाचा बोळा आत खोल ढकलला, त्यावर नळीतच चार फूट काँक्रीट ओतलं आणि सळईने ठासठासून भरलं. एक बुडबुडा राहू दिला नाही. कारखान्यात असतो तर स्वतःला शाबासकी दिली असती.

बुधा आणि शुक्री संध्याकाळी हत्यारं धुऊन गेले. काशिरामला निरोप ठेवला की उद्यापासून येणार नाही, घरी कोणी आजारी आहे.

सूचना: मजूर टिकत नाहीत हे धरूनच वेळापत्रक आखा.

२० जानेवारी, सोमवार

आज स्लॅब पडला. नवे मजूर लांबचे, हिंदी बोलणारे, कामाला चटपटीत. काशिरामने नारळ फोडला, सगळ्यांना वडापाव.

तळाच्या काँक्रीटचं एक मात्र चमत्कारिक आहे. त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मीच मारत होतो. सगळीकडे पाणी साचून राहायचं, मध्ये नळीच्या जागी मात्र राहायचं नाही. तिथे बशीएवढा खळगा पडायचा. गवंड्याने भरला. दोन दिवसांनी पुन्हा पडला. पुन्हा भरला. तिसऱ्यांदा मी जवळ बसून पाहिलं. खळग्यात पाणी ओतलं की ते हळूच आत ओढलं जायचं, मग थांबायचं, मग एक बुडबुडा. मग पुन्हा. घड्याळ लावलं. दर सोळा सेकंदांनी एक.

काशिरामला दाखवलं असतं, पण तो आला की नेमकं होत नसे. भरावाची माती बसते आहे, हवा बाहेर येते आहे, एवढंच. आता त्यावर लादी बसेल.

सूचना: काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा. कंटाळा करू नका.

२ मार्च, रविवार

खोली झाली! फिकट पिस्ता रंग, न घसरणाऱ्या लाद्या, दांडे, घंटी, सगळं यादीबरहुकूम. वल्लरी, आमची लेक, पुण्याहून आली होती. आईला हात धरून तिने आत नेलं. अरू पलंगावर बसली, शेवग्याकडे बघितलं आणि रडली. मीही रडलो, न्हाणीघराचा नळ तपासायच्या निमित्ताने.

तिच्या समाधानापुरती समई आणि उदबत्ती लावली. वारा नव्हता, पंखा बंद होता. उदबत्तीचा धूर वर जाण्याऐवजी खाली उतरला. लादीवरून सरपटत पलंगाच्या पायथ्याशी गेला आणि एका सांध्यात शिरला. वल्लरी म्हणाली, बाबा, तुमची लादी धूर पिते. सगळे हसलो. वल्लरी गेल्यावर मी त्या लादीवर बोट वाजवून बघितलं. पोकळ वाजते. लादीवाल्याला बोलावलं पाहिजे.

दारही आपोआप लागतं. बिजागरीचा दोष.

आज सकाळी ९३.

५ मार्च, बुधवार

काल ९१, आज ८९. दिवाणखान्यात आणून बसवलं की तासाभरात ९२. खोलीत नेलं की पुन्हा खाली. रंगाचा वास असणार. चूक माझीच, रंग सुकल्यावर पंधरा दिवस खोली मोकळी ठेवायला हवी होती. डॉक्टर घरी येऊन गेले, त्यांनीही रंगाचंच नाव घेतलं. ऑक्सिजनचं यंत्र भाड्याने आणून ठेवलं.

सूचना: रंगानंतर पंधरा दिवस त्या खोलीत झोपू नका.

दुपारी अरू दिवाणखान्यात निजली असताना मी खोलीची सगळी दारं-खिडक्या लावून लादीवाल्यासाठी मापं घेत बसलो. पडदा हलत होता. खिडकी बंद असताना पडदा आत यायचा, थांबायचा, भिंतीला चिकटायचा. मी हात लावून फट शोधली. फट नाही. माझं बांधकाम आहे, फट असणार कशी?

पडदा दर सोळा सेकंदांनी हलतो.

८ मार्च, शनिवार

काय लिहू, कसं लिहू! अरूचा आकडा ९८!

काल तिने हट्टच धरला, माझ्या खोलीतच झोपणार. सकाळी मी भीत भीत बोटाला यंत्र लावलं. ९८. माझ्या बोटाला लावलं, ९७. यंत्र बरोबर आहे. खोकला गेला. गालांवर रंग आला. डॉक्टरांनी छाती तपासली, हवा मानवली म्हणाले, आणि माझी पाठ थोपटली.

दुपारी तिने गवसणी काढली. तानपुरा लावायला मीच बसलो, माझ्या बेसूर कानांनी. तिने सा लावला. दोन वर्षांनी! स्वच्छ, भरलेला, एका श्वासात. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी पुसत होतो आणि तो सा चालूच होता. पुसून झालं, तरी चालू. मग सवयीने घड्याळाकडे नजर गेली.

एक मिनिट दहा सेकंद. एवढा दम कोणाचाही नसतो. तरुणपणी तिचाही नव्हता.

थांबल्यावर ती माझ्याकडे बघून हसली. पण छाती हलली नाही. नंतर हलली, खूप नंतर.

१० मार्च, सोमवार

मोजतो आहे. निरोगी माणूस मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. अरू झोपेत चार घेते. जागेपणीही चारच. आकडा ९९.

चार म्हणजे पंधरा-सोळा सेकंदांना एक. पडदा आत येतो तेव्हा तिची छाती वर येते. पडदा मागे जातो तेव्हा उतरते. मी दुपारी दोन ते चार, दोन तास, खुर्चीत बसून खुणा केल्या. एकदाही चुकलं नाही.

ती बोलते ते फक्त श्वास सुटताना. सलग. मग गप्प. पुन्हा श्वास सुटेपर्यंत वाक्य अर्धंच राहतं. आज मी तिला विचारलं, काय होतंय? म्हणाली, काही नाही, गार वाटतं आतून. मग पडदा आत आला. मग म्हणाली, शुक्रीने मला सांगितलं होतं त्या दिवशी, बाय, नळी नको मारू, ती गुदमरंल. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता.

हसलो असतो. खरं आहे.

कोण गुदमरेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

११ मार्च, मंगळवार

आज ठरवलं, पुरे झालं, हिला इथून हलवायचं. सकाळी दहाला रिक्षा बोलावली. अरू खोलीच्या दाराबाहेर आली ती ठीक होती. स्वयंपाकघरात भिंत धरली. अंगणात ओठ निळे झाले. फाटकाशी आकडा ७१. ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं असूनही ७१, मग ६८. छाती हलायचीच नाही, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची, श्वास कसा घ्यायचा हे विसरल्यासारखी. मनिषाताई धावत आल्या. आम्ही दोघांनी उचलून आत नेलं. पलंगावर ठेवताच छाती वर आली. ९९.

डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. ९९ बघून म्हणाले, काका, तुम्हीच घाबरलेले दिसता. झोपेची गोळी मला देऊन गेले.

वल्लरीला फोन केला. शुक्रवारी दुपारपर्यंत येते.

१२ मार्च, बुधवार

कमळाकररावांना नागपूरला फोन केला. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. एक फोन! आठ पानांची यादी केली, पण एक फोन केला नाही.

ते म्हणाले, अहो, ती विहिरीची नळी. तिथे आमची विहीर होती, जिवंत झऱ्याची. घर बांधताना वडिलांनी बुजवली. विहीर बुजवली तरी तिला श्वासाला वाट ठेवतात, हे काय सांगायला हवं? म्हणून तर म्हटलं, झाकू नका. मग म्हणाले, एकदा कुंभारमाशीने नळीत घर केलं होतं. तीन दिवस त्यांच्या आईला धाप, घरात दुसऱ्या कोणाला काही नाही. बुधाच्या बापाने येऊन नळी मोकळी केली आणि आई उठून बसली. मग त्यांनी विचारलं, का हो, नळी आहे ना?

मी फोन ठेवला.

काशिरामला सांगितलं. तो म्हणाला, मला वाटला तुमाला माहीत हाय, काका. मला वाटला तुमी वरती काढून घेतली असंल. काँक्रीट कापायचं यंत्र लागेल, नळीतून खोल जाणारं. यंत्रवाला शिमग्याला गावी गेला. बुधा, शुक्री वाडीवर. आता कोणी हत्याराला हात लावणार नाही. सोमवारी सकाळी सातला आणतो म्हणाला, देवाची शपथ घेऊन.

सोमवार. पाच दिवस.

आज मिनिटाला तीन श्वास.

१३ मार्च, गुरुवार. होळी

छिन्नी-हातोडा घेऊन मीच बसलो. लादी निघाली. खाली काँक्रीट. प्रत्येक घावाला अरू दचकते, हात छातीवर जातो. डोळे मिटलेले. तिचं नाही ते दचकणं—

नऊपासून दीडपर्यंत. कापलेल्या नळीची कड लागली. आत माझं काँक्रीट. दगडासारखं. छिन्नीचं टोक मोडलं. किती छान ठासलं होतं मी.

नळीच्या बाजूला केसाएवढी भेग आहे. त्यातून हवा जाते, येते. गार. शेवाळ.

गल्लीत पोरं होळीला लाकडं मागत फिरतायत. मनिषाताईंनी पुरणपोळी दिली. अरूने खाल्ली नाही. तिला भूकच नाही म्हणते. तहानही नाही. दोन दिवस ती डोळे मिटून पडून आहे आणि आकडा १००.

शंभर. आयुष्यभर मी शंभराच्या मागे लागलो.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

सकाळी आठ. मिनिटाला दोन.

भेगेवर तळहात ठेवून बघितला. अरूची छाती थांबली. हात काढला. हलली. पुन्हा ठेवला— थांबली. पुन्हा नाही करणार. देवा, पुन्हा नाही.

विचार केला. शांतपणे, कारखान्यात करायचो तसा. वाट बंद झाली तेव्हा विहिरीने जवळचा कमजोर ऊर धरला. एकच धरते. कमळाकररावांची आई, बाकी कोणी नाही. म्हणजे एक पुरतो. सोमवारी सातपर्यंतचाच प्रश्न. माझी छाती चांगली आहे. मी अजून तळ्याला दोन फेऱ्या मारतो.

साडेनऊ.

पालथा पडून भेगेवर तोंड लावलं. आधी काही नाही. मग ओढलं. आतून. माझ्यातलं सगळं—

गार. खूप खोल आहे. पाणी आहे खाली अजून.

वर कोणीतरी खोकलं.

अरू खोकली! वाईट, ओला, जुना खोकला. इतका गोड आवाज मी ऐकला नाही कधी. यंत्र लावलं. ८८. मग ९०. मिनिटाला वीस श्वास. तिचे. तिचे स्वतःचे. पाणी मागितलं तिने.

दहा.

तिला बाहेर ओटीवर बसायला सांगितलं. उन्हात. म्हणाली, तुम्ही? म्हटलं, लादी बघतो. म्हणाली, मोजा, लाद्या मोजा आता. भिंत धरून गेली. फाटकापर्यंत गेली. काही झालं नाही तिला. तिथूनच मनिषाताईंशी बोलतेय. मध्ये दोनदा थांबते. ९१ असेल.

मी दारापर्यंत जाऊन बघितलं. नाही जाता येत. परत आलो.

साडेअकरा. गल्लीत रंग चाललाय, ढोल. पडदा आत येतो तेव्हा मीही—

माझा आकडा ९९.

लिहिता येतं ते सुटताना. मग थांबावं लागतं. मग पुन्हा.

वल्लरी, आईला आजच्या आज पुण्याला ने. मागे बघू देऊ नकोस. मला बाहेर ओढू नका, मी ठीक आहे, भूक नाही. सोमवारी काशिराम येईल. त्याला म्हणावं आधी बुधाला आण वाडीवरून. नळी वर काढायची. छपरातून. जाळी लावायची. दार लावू नका कोणी—

तिचा आवाज येतोय. गुणगुणतेय.

पुस्तिका. एकच लिहायची. बाकी सूचना खोडा.

सूचना: खणणारा माणूस पहार खाली ठेवून दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा त्याला एकदा तरी वि